अहवालावरची तारीख

“हे तुम्हीच लिहिलंय ना, सर?”

वखारियाबाईंनी टेबलावरून एक पातळ पुस्तिका माझ्याकडे सरकवली. मुखपृष्ठावर आमच्या मंडळाचा गणपती, त्याखाली लाल अक्षरांत ‘वार्षिक अहवाल’, आणि अगदी तळाशी माझं नाव: द. वि. बुडूख, कार्यवाह व संपादक. खोटं कशाला सांगू, मी खूश झालो. दहा-अकरा वर्षांपूर्वीचा आपला अहवाल मुंबईच्या वकीलबाईंच्या हातात बघून माझी छाती फुगली. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “होय, मीच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.”

माझ्या डाव्या हाताला पाध्ये वकील बसले होते. ते आमच्या बाजूचे. त्यांचा चेहरा का पडला, ते मला कळलं नाही.

ती जागा कोर्ट नव्हती. दावा मुंबईच्या उच्च न्यायालयात होता, पण साक्षी नोंदवायला कोर्टाने हर्डीकर नावाचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश नेमले होते, आणि त्यांनी पुण्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. मी मराठीत बोलायचो, हर्डीकरसाहेब ते इंग्रजीत सांगायचे आणि एक बाई ते टाइप करायच्या. भिंतीला लावलेल्या खुर्चीवर शिवलिंग उंबरजे मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. दावा त्याचा होता. समोरची बाजू व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणारी एक परदेशी कंपनी होती, जिचं नावही शिवलिंगला धड उच्चारता येत नव्हतं.

शिवलिंग आमच्या बार्शीत वजनकाटे दुरुस्त करायचा. आडत बाजारातला एकेक इलेक्ट्रॉनिक काटा त्याच्या हाताखालून गेलेला. ह्या काट्यांना एक खोड असते. पोतं मधोमध ठेवलं की वजन बरोबर येतं, आणि कोपऱ्यावर ठेवलं की थोडं इकडेतिकडे होतं. काट्याच्या चार कोपऱ्यांखाली भार ओळखणारे चार सेल असतात आणि ते चौघे एकमताने बोलत नाहीत म्हणून असं होतं. कोपऱ्यांमधला हा फरक काढून टाकणं, हाच शिवलिंगचा धंदा. वीस वर्षं त्याने तेच केलं. आणि एक दिवस त्याच्या डोक्यात आलं की हा फरक काढण्याऐवजी ठेवला तर? माणूस काट्यावर उभा राहिला आणि डावीकडे कलला, तर डावे कोपरे जास्त बोलतील. ते बोलणं जर टीव्हीवरच्या गेमला ऐकवता आलं, तर हातात जॉयस्टिक धरायची गरजच नाही. माणूस कलला की टीव्हीवरचं चित्र कलणार.

त्याने सागवानी पाट केला, खाली चार सेल बसवले, त्याची वायर कॅसेटवर चालणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमला जोडली आणि दोन हजार एक सालच्या गणपतीत तो पाट आमच्या मंडळाच्या देखाव्यात ठेवला. पडद्यावर मूषक, वाटेत मोदक. पाटावर उभं राहून कलायचं आणि मोदक गोळा करायचे. रांग पार पांडे चौकापर्यंत जायची. नऊवारीतल्या आज्यासुद्धा पदर खोचून पाटावर चढल्या. त्या दहा दिवसांत गणपतीकडे कोणी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या जानेवारीत सोलापूरच्या एका प्राध्यापकांनी त्याला पेटंटचे कागद करून दिले, ते मुंबईला गेले, आणि चार वर्षांनी पेटंट मिळालं. आणखी दोन-तीन वर्षांनी सोलापूरच्या एका दुकानात शिवलिंगने त्या परदेशी कंपनीची, वर उभं राहून खेळायची पाटी पाहिली. चपला काढून तो तिच्यावर चढला. आधी एका कोपऱ्यावर वजन टाकलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खाली उतरला आणि मला म्हणाला, “सर, ही माझी हाय.” मी शेजारीच उभा होतो.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. पेटंटचा अर्ज करण्याआधीच वस्तू जगजाहीर झाली असेल तर पेटंट बाद. ज्याने शोधली त्यानेच जाहीर केली असली, तरीही बाद. गणपतीत हजारो लोकांनी पाट बघितला, मग उरलं काय? त्यावर पाध्यांचं उत्तर होतं की लोकांनी पाट वरून बघितला, आत काय आहे ते कोणालाच दिसलं नाही, कारण खालची फळी स्क्रूने बंद होती. ती बंद होती, हे सांगायला मी आलो होतो. मंडळाचा कार्यवाह, निवृत्त मुख्याध्यापक, आदर्श शिक्षक. पाध्ये म्हणाले होते, “बुडूख सर, तुमच्यासारखा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं.”

“पान नऊ वाचता का, सर? मोठ्याने,” वखारियाबाई म्हणाल्या. तिशीतल्या असतील. आवाज मऊ, मराठी चांगलं. आवाज चढवून बोलणाऱ्या वकिलाची मी मनाशी तयारी केली होती, ह्या बाईंची नाही.

मी वाचायला लागलो. चांगला वाचतो मी. “‘या नवलाईच्या पाटाचे रहस्य वाचकांस सांगावयास आता हरकत नाही. पाटाच्या चारही कोपऱ्यांखाली वजनकाट्यातील एकेक सेल बसविला असून, उभ्या राहणाऱ्याचा भार कोणत्या कोपऱ्यावर किती, हे ते चौघे वेगवेगळे सांगतात. त्या चौघांच्या सांगण्यातील अंतर काढून, मूषकराजाने डावीकडे वळावे की उजवीकडे, पुढे धावावे की थबकावे, हे...’”

इथे मी वाचता वाचता थांबलो. अकरा ओळी होत्या. उरलेल्या सहा मी कशाबशा वाचल्या.

“पेटंटच्या अर्जात हेच आहे ना?” त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला. आकृती काढलेली होती. चार कोपरे, चार सेल, मधे वजाबाकी. हेच होतं. माझ्याच अलंकारिक मराठीत मी सगळं आधीच सांगून टाकलेलं होतं.

“आता मुखपृष्ठावरची तारीख वाचा.”

“अनंत चतुर्दशी, शके एकोणीसशे तेवीस.”

“म्हणजे दोन हजार एकचा सप्टेंबर. अर्ज दोन हजार दोनच्या जानेवारीतला, सात तारखेचा. ही पुस्तिका ह्या छापलेल्या तारखेलाच प्रसिद्ध झाली, बरोबर?”

मी म्हणालो, “होय.” आणि तेवढ्यावर थांबलो नाही. कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, “आमचा अहवाल त्या दिवशीच निघतो. आजवर कधी चुकलेला नाही.”

हर्डीकरसाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं, बाईंनी ते टाइप केलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. “पाऊण वाजलाय. दोन वाजता पुढे चालू करू. बुडूख, उलटतपासणी अजून संपलेली नाही, तेव्हा तुमच्या वकिलांशी साक्षीबद्दल बोलायचं नाही. समजलं?”

“समजलं,” मी म्हणालो.

आता खरं सांगतो. अहवाल अनंत चतुर्दशीला निघाला नव्हता. तो पुढच्या गुढीपाडव्याला निघाला होता.

मी कार्यवाह झालो त्या पहिल्या वर्षी मात्र तो खरोखरच विसर्जनाच्या दिवशी निघाला. रात्री जागून, छापखान्यात बसून मी तो काढला. गावातल्या साप्ताहिकात चौकट आली: ‘वक्तशीर कार्यवाह’. तिचं कात्रण मी पाकिटात ठेवायचो. शाळेत मी तसाही वेळेचा खवीस होतो. उशिरा आलेली वही मी उघडत नसे. एका मुलाची आई वही घेऊन दारात आली, तर तिलाही मी परत पाठवलं होतं. अशा माणसाचा अहवाल उशिरा कसा निघेल? दुसऱ्या वर्षी जाहिराती वेळेवर आल्या नाहीत, मला एक परिच्छेद मनासारखा जमेना, छापखानेवाला लग्नपत्रिकांत अडकला. अहवाल निघाला फेब्रुवारीत. तारीख मी अनंत चतुर्दशीचीच घातली. कोणी काही बोललं नाही. मंडळातली माणसं अहवाल उघडतात ती वर्गणीदारांच्या यादीत आपलं नाव आहे का बघायला. मुखपृष्ठ कोण वाचतं? मग तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षी तेच. पुढे पुढे तर मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. सकाळी मी ‘कधी चुकलेला नाही’ म्हणालो, तेव्हा जीभ जराही अडखळली नाही, ते उगाच नाही.

बाहेर एक अरुंद गॅलरी होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि पाध्यांचा आवाज दबला असला तरी कळत होता.

“उंबरजे, नीट आठवा. मला त्यांच्याशी बोलता येत नाही, तुमच्याशी येतं. ते पुस्तक खरंच त्या दिवशी निघालं होतं? गणपती मंडळांचे अहवाल म्हणजे काय ते मलाही माहीत आहे. दोन महिने, चार महिने उशीर झाला असेल, तर सांगा. जानेवारीच्या सात तारखेनंतर निघालं असेल तर आपण वाचलो. नाही तर हे सगळं आजच संपलं. पाट गेला.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग शिवलिंग म्हणाला, “सरांनी सांगितलं न्हवं? मग तसंच.”

“तुम्हाला आठवतं का, ते विचारतोय मी.”

“सर तारखेचे पक्के हायत वकीलसाहेब. त्यांनी सांगितलं म्हंजे झालं.”

बिचाऱ्याला आठवत नाही, असं मला वाटलं. साधा माणूस, कधीची गोष्ट, कशाला लक्षात ठेवेल? त्याने माझ्यावर विश्वास टाकला होता आणि तो विश्वास आता त्यालाच गाळात घालणार होता. आणि तरी, सांगायला लाज वाटते, माझ्या मनात आलेला दुसरा विचार असा होता: त्याला आठवत नाही, म्हणजे कोणालाच आठवत नाही.

दार उघडून शिवलिंग आला. “चला सर, जेवून घेऊ.”

आम्ही जिन्यात पायऱ्यांवर बसलो. त्याच्या बायकोने, महानंदावहिनींनी, कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि दही बांधून दिलं होतं. त्याने भाकरी मोडून मोठा तुकडा माझ्यासमोर ठेवला. दाव्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. पुण्यात दही गोड लागतं म्हणाला, आपल्याकडचं आंबट बरं, म्हणाला. वहिनींचा गुडघा दुखतो, नवीन डॉक्टर आलाय बार्शीत, त्याला दाखवायचा विचार आहे, म्हणाला. मी हूं हूं करत होतो. भाकरीचा तुकडा तसाच हातात होता.

“चटणी तिखट लागली का सर?”

“नाही रे.”

“मग खावा की.”

पुढच्याच महिन्यात माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठरवला होता. नाट्यगृह घेतलं होतं. पत्रिकेवर छापलं होतं, ‘ज्यांनी आम्हाला वेळेचं मोल शिकवलं’. ती पत्रिका माझ्या खिशात होती, पुण्याच्या एका विद्यार्थ्याला देण्यासाठी आणलेली. मी मनात हिशेब मांडला नाही असं म्हणत नाही. बोललो तर शपथेवर खोटं बोलल्याचं कबूल करायचं. तेही बावीस-तेवीस वर्षांच्या लबाडीसकट, कारण वकीलबाई एका वर्षावर थोड्याच थांबणार होत्या? गावात दोन दिवसांत कळणार. आणि नाही बोललो तर शिवलिंगचा पाट जाणार, माझ्या अकरा ओळींनी, माझ्या तारखेने. समोर तो दह्याचा डबा बोटाने पुसून खात होता. त्याच्या नखांत सोल्डरिंगचा काळा डाग होता, तो कधीच जायचा नाही. मला एकदम स्वतःचा संताप आला. काय सत्कार आणि काय घेऊन बसलोय मी!

दोन वाजता खुर्चीवर बसताच मी म्हणालो, “साहेब, सकाळच्या उत्तरात मला दुरुस्ती करायची आहे.”

हर्डीकरसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. वखारियाबाई लगेच म्हणाल्या, “सुट्टीत कोणाशी बोललात, सर?”

“उंबरज्यांशी. दही आणि गुडघेदुखी, एवढ्यावरच. पण त्याआधी गॅलरीत उभा असताना दाराआड पाध्यांचं बोलणं कानावर पडलं, तेही लिहून घ्या. हे पुस्तक उशिरा निघालं असेल तर आपण वाचलो, असं ते उंबरज्यांना म्हणत होते.”

पाध्यांनी डोळे मिटून घेतले. वखारियाबाई हसल्या नाहीत. “बरं. दुरुस्ती काय?”

“हा अहवाल अनंत चतुर्दशीला प्रसिद्ध झालेला नाही. पुढच्या वर्षीच्या पाडव्याला झाला. दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये.”

“मग मुखपृष्ठावरची तारीख?”

“खोटी.”

“कोणी घातली?”

“मी.”

“फक्त त्याच वर्षी?”

“नाही. पहिलं वर्ष सोडून दर वर्षी. बावीस वर्षं.”

“धर्मादाय कार्यालयात दर वर्षी हाच अहवाल जातो?”

“हो. हीच तारीख घेऊन.”

टाइपिंगचा आवाज चालू होता. प्रत्येक उत्तरानंतर तो थांबायचा, आणि त्या थांबण्यात माझे कान तापायचे. शिवलिंगकडे बघायचं मी टाळत होतो.

वखारियाबाईंनी पुस्तिका हातात घेतली. आवाज अजूनही मऊच होता. “सर, मी तुमचा अनादर करत नाही. पण तुम्ही म्हणता, बावीस वर्षं तुम्ही खोटी तारीख घातली. आज सकाळी शपथ घेऊन खोटं सांगितलं. मग दाराआडून ऐकलंत की अमुक सांगितलं तर तुमच्या मित्राचा फायदा होतो, आणि दोन वाजता नेमकं तेच सांगताय. ह्यावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?”

प्रश्न रास्त होता. मी मास्तर होतो, मला कळतं. वर्गात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मीच त्याला हेच विचारलं असतं, आणि उत्तर ऐकूनही घेतलं नसतं.

“माझ्यावर ठेवू नये,” मी म्हणालो. “पुस्तिका देता का जरा?”

त्यांनी दिली. तोवर माझ्याकडे पुरावा असा काहीच नव्हता. पण हा अहवाल मी स्वतः तपासला होता, मुद्रितं दोनदा वाचली होती, आणि मनाशी एवढंच होतं की पाडव्याला छापलेल्या पुस्तकात पाडव्याचा काहीतरी वास असणारच. मी एकेक पान उलटत गेलो. वर्गणीदार. देणगीदार. आभार. मग जाहिराती. किराणा, चपला, लग्नाचा बँड. सत्ताविसाव्या पानावर माझं बोट थांबलं.

“साहेब, हे वाचू का?”

“वाचा.”

“‘मकर संक्रांतीच्या शुभमुहूर्तावर, दिनांक चौदा जानेवारी दोन हजार दोन रोजी आपल्या सेवेत रुजू झालेले बार्शीतील भव्य साडी दालन.’ वर उद्घाटनाचा फोटो आहे. फीत कापताना, मागे तिळगुळाचं ताट.”

हर्डीकरसाहेबांनी पुस्तिका मागून घेतली. फोटो बराच वेळ बघितला. मग त्यांना हसू आवरेना. “सप्टेंबरच्या अहवालात जानेवारीतली संक्रांत! वखारियाबाई, हे तुम्हीच हजर केलेलं पुस्तक आहे.”

“हो, सर,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पुस्तिका मिटून फायलीत ठेवली. “आणखी प्रश्न नाहीत.” बाहेर पडताना माझ्याजवळ थांबल्या. “मी फक्त पान नऊ वाचलं होतं,” म्हणाल्या. मला त्या बाईंचा राग आला नाही, आजही नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. दीड वर्षाने कंपनीने तडजोड केली. काय ठरलं ते बोलायचं नाही अशी दोन्ही बाजूंनी सही आहे, त्यामुळे शिवलिंगने मलाही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पेटंट मात्र त्याच्या नावावर मुदत संपेपर्यंत राहिलं. धर्मादाय कार्यालयात मी लेखी माफी दिली, कार्यवाहपद सोडलं, आणि सत्कार करू नका म्हणून पोरांना कळवलं. त्यांनी फार आग्रह केला नाही. बार्शीत पुढे काही वर्षं मला बघून कोणी ना कोणी विचारायचं, “सर, आज तारीख काय?” मी उत्तर द्यायचो. दुसरं काय करणार?

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी साक्षीवर सही करून आम्ही स्वारगेटला आलो. बार्शीची गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. शिवलिंगने खिडकीची जागा मला दिली. बसल्यावर मी म्हणालो, “शिवलिंग, सकाळी मी तुझं वाटोळं करणार होतो रे.”

“केलं न्हाई न्हवं?”

“तुला वाटलं असेल, सरांनीच गुपित फोडलं. अर्जाच्या आधी.”

तो हसला. “आसं कसं वाटंल? कागद मुंबईला गेले, त्याची पावती आली, तवा मी तुमाला पाट उलटा करून दाखवला. त्याच्या आदी आमच्या घरातबी कुणाला दावला नव्हता. तुमी लिहायचं म्हणून इचारायला आला हुता, तवाच म्हणलो मी, आता लिवा सर काय लिवायचं ते.”

मला आठवलं. ‘आता हरकत नाही’ असं मी लिहिलं होतं, ते त्याच्याच सांगण्यावरून.

“आन् गठ्ठे छापखान्यातनं आणले कुणी?” तो म्हणाला. “माझ्या लुनावरनं आणले की. पाडव्याच्या आदल्या दिवशी. दोन खेपा झाल्या.”

मी त्याच्याकडे वळलो. “म्हणजे तुला ठाऊक होतं. पाध्यांनी तुला खोदून विचारलं, तेव्हाही.”

“व्हय.”

“अरे, मग बोलला का नाहीस?”

शिवलिंगने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “तुमी सकाळी ती तारीख सांगून बसला हुता सर, समद्यांसमोर. मी तसं सांगितलं आसतं, तर पाध्येसाहेब तुमाला खोटं पाडायला उठले आसते. माझा वकील, माझ्या दाव्यात, माझ्यादेखत. माझं पोरगं तुमच्या हाताखाली शिकलं. मला न्हाई जमलं ते.”

“आणि पाट? पाट गेला असता ना!”

“गेला आसता,” तो म्हणाला. “काटे दुरुस्त करायचे कुठं बंद झाले हुते?”

मी तोंड खिडकीकडे वळवलं आणि रडलो. साठी उलटलेला माणूस, भर स्टँडवर, हुंदके देऊन. सकाळपासून मी जे काही केलं ते ह्या माणसासाठी मोठा त्याग केला असं मला वाटत होतं, आणि ह्याने माझ्यासाठी काय पणाला लावलं होतं ते मला दिसलंसुद्धा नव्हतं. गाडी सुरू झाली. कंडक्टर जवळ आला, मशीन हातात घेऊन आमच्यापाशी थांबला आणि मला बघून दचकला.

“काय झालं हो बाबांना?”

“काय न्हाई,” शिवलिंग म्हणाला. “सर दमल्यात. दोन बार्शी द्या.”